मूल म्हणतं शास्त्रज्ञ व्हायचंय: पदवी शोधायची कशी?

पहिली चूक आमच्याकडून अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच झाली. लेकीला पदार्थविज्ञान आवडायचं आणि झुरळाच्या पचनसंस्थेच्या आकृत्या काढायचा भयंकर कंटाळा. म्हणून जीवशास्त्र सोडलं आणि बायफोकलला, म्हणजे त्याऐवजी घेता येणाऱ्या व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. ‘दोनशे मार्कांचा विषय आहे, टक्केवारी वर जाते,’ असं जो तो सांगत होता. बारावीच्या दिवाळीत तिला कळलं, की तिला जिथं जायचं आहे तिथल्या प्रवेश परीक्षेत पदार्थविज्ञानाचे जितके प्रश्न असतात तितकेच जीवशास्त्राचेही असतात. मग शेजारच्या मुलाची पुस्तकं मागून आणली आणि रात्री जागून झुरळ पुन्हा सुरू झालं.

मी स्वतः कॉमर्सची. घरात विज्ञान शिकलेलं कुणी नाही. दोन वर्षं चाचपडत जे कळलं ते इथं लिहिते आहे, पण ज्या क्रमानं आम्ही केलं त्या क्रमानं नाही, ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं. इंजिनिअरिंग आणि मेडिकलबद्दल सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. हा लेख मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यातही महाराष्ट्रातून अर्ज भरणाऱ्या घरांसाठी आहे.

कामाची वाटणी आधीच ठरवून टाका: शोध मुलानं घ्यायचा, फाइल पालकानं सांभाळायची. आमच्या घरी सुरुवातीला उलटं होतं. मी रात्री बारापर्यंत संस्थळं चाळायचे आणि सकाळी चहाबरोबर तिला निष्कर्ष ऐकवायचे. ती मान हलवायची, डोक्यात काहीच शिरायचं नाही. वाटणी बदलली आणि घरातलं वातावरणही बदललं.

१. आधी काम शोधा, पदवी नंतर

‘शास्त्रज्ञ’ हा शब्द फार ढगळ आहे. दुर्बिणीतून आलेल्या आकड्यांवर संगणकापुढे दिवस काढणारा शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या बाकापाशी उभं राहून रसायनं ढवळणारा शास्त्रज्ञ आणि पाठीला पिशवी लावून दगड फोडत हिंडणारा भूशास्त्रज्ञ यांचे दिवस एकमेकांशी जुळतच नाहीत. तुमच्या मुलाला यातला कुठला दिवस आवडेल, हे पदवीच्या नावावरून कळत नाही.

हे बघायला महाराष्ट्रात सोय चांगली आहे. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्याच तारखेला लागला म्हणून हा दिवस. त्या सुमारास पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण सामान्य लोकांसाठी खुली असते. मोठ्या शहरातल्या इतर संस्थांचीही चौकशी करा. आम्ही खोडदला गेलो होतो. अवाढव्य अँटेनांपुढे फोटो काढून झाले, पण लेक अडकली ती एका पीएच.डी.च्या मुलाशी बोलण्यात. त्यानं सांगितलं, ‘दिवसातला बराच वेळ मी प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो.’ परतताना गाडीत ती म्हणाली, ‘हे मला आवडेल.’ कुठल्याही कलचाचणीपेक्षा या वाक्यावर माझा विश्वास जास्त बसला.

बारावीच्या फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा असते, त्यामुळे ही सहल दहावी झाल्यावर किंवा अकरावीतच उरकून घ्या.

२. नोकरीची जाहिरात शेवटाकडून वाचा

या लेखातली एकच पायरी करणार असाल, तर ही करा.

मुलाला जे काम आवडलं, त्या कामाच्या भरतीची खरी जाहिरात शोधायला लावा आणि त्यातली ‘शैक्षणिक पात्रता’ ही ओळ वहीत उतरवून घ्या. मग तिथून एकेक पायरी मागे या: ही पात्रता मिळवायला एम.एस्सी. कशात हवी, त्या एम.एस्सी.ला प्रवेश कुठल्या बी.एस्सी.वर मिळतो, आणि त्या बी.एस्सी.ला बारावीत कुठले विषय लागतात.

आम्ही काढलेली तीन उदाहरणं देते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला भूशास्त्रज्ञ यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून निवडला जातो, आणि त्याला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे बी.एस्सी.ला भूशास्त्र असलेलं महाविद्यालय शोधायला हवं, आणि ती महाविद्यालयं थोडीच आहेत. तीच परीक्षा रसायनशास्त्रज्ञाचं पदही भरते, त्याला एम.एस्सी. रसायनशास्त्र चालतं.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत पदार्थविज्ञानाकडून जायचं असेल, तर एम.एस्सी. आणि किमान साठ टक्के हवेत. नुसत्या बी.एस्सी.वर तो दरवाजा उघडत नाही.

विद्यापीठात शिकवायचं असो की संशोधन करायचं असो, बहुतेकांची वाट सीएसआयआर-नेट या परीक्षेवरून जाते. ती फक्त पाच विषयांत होते: जीवविज्ञान, रसायनविज्ञान, भौतिकविज्ञान, गणितीविज्ञान आणि पृथ्वीविज्ञान. न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स), पर्यावरणशास्त्र यांसारखे काही विषय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यूजीसी-नेटमध्ये आहेत. माहितीपत्रकात बी.एस्सी.ची पंचवीस झगमगीत नावं दिसतील, पण पाच-सहा वर्षांनी त्या सगळ्या मुलांना याच मोजक्या खणांत बसायचं असतं. मूल ज्या पदवीवर भाळलं आहे ती कुठल्या खणात जाते, हे त्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर शोध अजून पुरा झालेला नाही.

इथंच हिशोबाचं एक कटू सत्य समोर येतं, ते मुलापुढे मांडा. अठराव्या वर्षी सुरुवात, पाच वर्षं एम.एस्सी.पर्यंत आणि पुढे पाच-सहा वर्षं पीएच.डी., म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस. या सगळ्या काळात घरून पैसे पाठवावे लागतात असं मात्र नाही. जेआरएफ, म्हणजे याच नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. आमच्याकडे आजोबांना हा आकडा कळल्यावर त्यांचा विरोध निम्मा झाला.

३. अकरावीतच विषयांचे दरवाजे तपासा

सुरुवातीला सांगितलेली चूक ती हीच. मूल ‘नक्की काय ते माहीत नाही, पण विज्ञानच’ म्हणत असेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. ओझं वाढतं हे खरं. पण गणित सोडलं की बी.एस्सी. गणित, संख्याशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी पदार्थविज्ञानही हातचं जातं, आणि आजचं जीवशास्त्र गणिताशिवाय फार पुढे जात नाही. मेडिकलसाठी गणित सोडलेल्या आणि नीटनंतर विज्ञानाकडे वळलेल्या मुलांची गाडी नेमकी इथं अडते.

४. रस्ते किती आहेत, त्याची यादी करा

माहिती गोळा करताना संस्थांची नावं पाठ करू नका, परीक्षांप्रमाणे गट पाडा. एका परीक्षेवर कुठले कुठले दरवाजे उघडतात, हे दिसलं की गोंधळ निम्म्यावर येतो.

*आयसरची आयएटी परीक्षा.* आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था. देशात सात आयसर आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर. पहिल्या दोन २००६ साली सुरू झाल्या. मुख्य अभ्यासक्रम पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र. परीक्षेत साठ प्रश्न असतात, पदार्थविज्ञान, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चार विषयांचे प्रत्येकी पंधरा, आणि वेळ तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. चारही विषयांचे गुण धरले जातात, पण बारावीला त्यांतले तीन विषय असले तरी अर्ज करता येतो. म्हणजे माझ्या लेकीसारखी जीवशास्त्र सोडलेली मुलं बसू शकतात, फक्त पंधरा प्रश्नांचा खड्डा स्वतः भरावा लागतो. आत गेल्यावरही सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये चारही विषयांशी गाठ असते, तेव्हा केलेला अभ्यास वाया जात नाही.

याच परीक्षेच्या गुणांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या बीएस पदवीसाठीही विचार होतो. त्यासाठी त्या संस्थेचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. आयएटी दिली की झालं असं समजून चांगले गुण घेऊन घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

*नेस्ट.* भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सेब्स, या दोन विज्ञान संस्थांच्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.साठी ही एकच परीक्षा. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या. मुंबईकरांनासुद्धा सेब्स माहीत नसतं, याचं मला अजून नवल वाटतं. नेस्टमध्ये चारपैकी सर्वांत चांगल्या तीन विषयांचे गुण धरायची पद्धत राहिली आहे, त्यामुळे एक विषय कच्चा असणाऱ्यांना ती सोयीची पडते. त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचाच.

*गणिताचं वेड असेल तर.* चेन्नई गणितीय संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात. सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. कोलकात्याला, बी.मॅथ. बंगळुरूला. या परीक्षांचे बरेच प्रश्न जेईईसारखे नसतात, उत्तर सिद्ध करून दाखवायचं असतं. जुने पेपर संस्थळावर आहेत. मुलाला एक रविवार त्यातला एकच प्रश्न देऊन पाहा. संध्याकाळी जेवायला हाक मारल्यावर ‘थांब गं, सुटत आलंय’ म्हणालं, तर पुढचा अर्ज भरा.

*जेईईच्या वाटेनं.* तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आणि काही आयआयटींमधले विज्ञानाचे अभ्यासक्रम जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर मिळतात.

*सीयूईटी.* २०२२ पासून दिल्ली, हैदराबाद वगैरे केंद्रीय विद्यापीठांसाठी ही परीक्षा आहे.

*आणि आपलं बी.एस्सी.* हे शेवटी लिहिलं म्हणून शेवटचं समजू नका. चांगल्या महाविद्यालयातलं बी.एस्सी., त्यानंतर आयआयटीच्या जॅम परीक्षेतून एम.एस्सी., हा रस्ता आजही चालू आहे आणि खर्चालाही हलका. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांत घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. म्हणून महाविद्यालय बघताना एक प्रश्न नक्की विचारा: चौथं वर्ष, तेही संशोधनासह, याच महाविद्यालयात या विषयात चालतं का?

सापळा: केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती परीक्षा २०२२ नंतर झालेली नाही. तरीही आम्हाला एका क्लासच्या पत्रकात तिची ‘स्पेशल बॅच’ दिसली होती. पत्रकाच्या एका कोपऱ्यात मेलेली परीक्षा असेल, तर उरलेल्या पत्रकावरही फार भिस्त ठेवू नका.

५. अभ्यासक्रम वाचा, तोही दुसऱ्या वर्षाचा

पहिलं वर्ष सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखंच असतं आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचून बारावीच्या मुलाला काही कळत नाही. खरा स्वभाव दिसतो तो तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरमध्ये. विद्यापीठाच्या संस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि मुलाला तीन रंगांची पेनं द्या. वाचून उत्सुकता वाटते त्यावर हिरवी खूण, चालेल त्यावर निळी, नको वाटतं त्यावर लाल.

आमच्या लेकीनं जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र शेजारी ठेवून असंच केलं. तिला वाटलं होतं जैवतंत्रज्ञान म्हणजे जनुकं, पण तिनं पाहिलेल्या अभ्यासक्रमात निम्मी पानं कंपनीच्या टाक्या आणि प्रक्रियांची निघाली. लाल खुणांनी पान भरलं. दुसऱ्या कुणाचं पान कदाचित हिरवं होईल.

नावाच्या मोहातला एक तोटा पैशाचाही आहे. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या मुलांना मिळते, वर्षाला ८०,००० रुपये. तिच्या विषयांच्या यादीत पदार्थविज्ञान, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, भूशास्त्र असे विषय आहेत. जैवतंत्रज्ञान नाही, संगणकशास्त्रही नाही. तेच मूल, तेच गुण, पण पदवीचं नाव वेगळं म्हणून पैसे नाहीत. प्रवेश घेण्याआधी यादी बघा, नंतर बघून हळहळच होते.

६. जाऊन बघा, आणि योग्य माणसाला विचारा

स्वागतकक्षातली माणसं गोड बोलतात, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. आम्ही एका खाजगी विद्यापीठात गेलो होतो. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या सूक्ष्मदर्शकाचा फोटो होता. ‘तो बघायला मिळेल का?’ असं लेकीनं विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘ते दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आहे, आज कुलूप आहे.’ प्रयोगशाळेबाहेर पायऱ्यांवर बसलेल्या मुलींना विचारलं, तर त्यांनी तो दोन वर्षांत पाहिलाच नव्हता.

तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्या मुलांनाच गाठा. विचारायचे प्रश्न थोडे, पण नेमके:

आठवड्यात प्रात्यक्षिकाचे किती तास ठरलेले आहेत आणि खरे किती होतात? एका उपकरणावर किती मुलं असतात? तुमच्या वर्गातल्या कुणाला विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप मिळाली का? मागच्या बॅचमधले किती जण जॅम देऊन बाहेर पडले? आणि कायम नेमणुकीचे शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती?

शेवटच्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडे बघून हसली, की उत्तर मिळालं असं समजा.

हे प्रश्न तुम्ही विचारू नका, मुलालाच विचारू द्या. तुम्ही लांब, झाडाखाली थांबा. आईसमोर कॉलेजातली मुलं खरं बोलत नाहीत.

संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतला क्रमांक हे बघा, पण ती श्रेणी अख्ख्या संस्थेची असते. तुम्हाला हवा असलेला विभाग त्यात दोन शिक्षकांचा असू शकतो. विभागाच्या पानावर शिक्षकांची नावं, त्यांचे विषय आणि अलीकडचे शोधनिबंध आहेत का ते पाहा. आणि खाजगी संस्था असेल तर यूजीसीच्या मान्यतेची यादी व बनावट विद्यापीठांची यादी या दोन्ही पाच मिनिटांत बघून होतात.

७. माहिती कुठून घ्यायची नाही

गूगलवर संस्थेचं नाव टाकलं की वरची तीन-चार उत्तरं बहुधा दलाल संस्थळांची असतात. ‘अर्ज करा’ असं मोठं बटण, आणि आधी मोबाइल नंबर. मी एकदा नंबर टाकला. त्यानंतर वर्षभर मला दूरदूरच्या गावांतल्या कॉलेजांचे फोन येत होते, एक तर माझ्या सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी आला. माहिती फक्त संस्थेच्या किंवा परीक्षेच्या अधिकृत संस्थळावरून घ्या, तीही त्याच वर्षाच्या माहितीपत्रकातून. मागच्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते, वयाची अट किंवा बारावीचं चालणारं वर्ष तेवढं बदललेलं असतं.

शोधासाठी एकच नवा ईमेल पत्ता काढा. पासवर्ड वहीत लिहा, हो, वहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवेशपत्र काढताना ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबायची वेळ येऊ नये.

८. तारखांचा तक्ता भिंतीवर

तारखा दरवर्षी थोड्या हलतात, पण साधारण ओघ असा असतो: जेईई मेनचे अर्ज दिवाळीच्या आसपास, पहिली फेरी जानेवारीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, आणि नेमकं त्याच धामधुमीत आयएटी, नेस्ट, सीयूईटी, सांख्यिकी संस्था, चेन्नई या सगळ्यांचे अर्ज सुरू होतात. परीक्षा मे-जूनमध्ये.

म्हणजे अर्ज भरायची वेळ आणि बोर्डाच्या प्रात्यक्षिकांची वेळ एकच. म्हणून फाइल पालकानं सांभाळायची. मूल पुस्तकात असताना अर्ज उघडला की नाही, शुल्क भरलं की नाही, हे तुम्ही बघायचं. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं सगळी संस्थळं उघडून बघायची सवय मी लावून घेतली होती. फॉर्ममध्ये भरलेली माहिती मात्र शेवटी मुलाकडून तपासून घ्या, सही त्याची आहे.

अर्ज किती करावेत? आम्ही पाच केले. त्यात एक अशक्य वाटणारा, तीन जमण्यासारखे आणि गावातलं बी.एस्सी. नक्की मिळणारं. याहून जास्त झाले की मूल परीक्षांचं वेळापत्रकच जगायला लागतं.

९. फाइल

लागणारी कागदपत्रं, मूळ प्रती आणि स्कॅन दोन्ही:

- दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा हाच)
- अकरावी-बारावीच्या गुणपत्रिका
- आधार कार्ड
- शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमी लेअर, ईडब्ल्यूएस, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड
- बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र, महाराष्ट्राबाहेर जायचं असेल तर
- फोटो आणि सही, ठरलेल्या किलोबाइटमध्ये

दोन ठिकाणी फार मुलं अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक, नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर बहुधा उलट क्रम, कधी वडिलांचं नाव गायब, कधी ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव भरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम अकरावीच्या सुट्टीतच करा.

दोन, आरक्षणाचे दाखले. राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. आयसर, नायसर, आयआयटी या केंद्राच्या संस्था आहेत. तिथं ओबीसीचा नॉन-क्रिमी लेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, आणि तो साधारणपणे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा असतो. राज्याचा तीन वर्षं चालणारा दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. राज्यातले व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी हे प्रवर्ग केंद्रात त्या नावानं नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. असेल तर त्या नावानं दाखला काढा, नसेल तर ईडब्ल्यूएसमध्ये बसतं का ते बघा. सेतू केंद्रात जाताना परीक्षेच्या माहितीपत्रकातल्या नमुन्याची छापील प्रत सोबत न्या आणि ‘असाच हवा’ म्हणून सांगा. नाही तर सवयीनं राज्याचाच अर्ज भरला जातो. एप्रिल-मेमध्ये तहसीलमध्ये रांगा लागतात, म्हणून १ एप्रिल उजाडला की अर्ज टाका.

१०. प्रवेश मिळाल्यावर दाखल्याची ओढाताण

गावातल्या बी.एस्सी.चे प्रवेश निकालानंतर लगेच सुरू होतात, आयसर-नायसरच्या फेऱ्या त्यानंतरही बरेच दिवस चालतात. मग काय होतं? जागा हातची जाऊ नये म्हणून आपण गावात प्रवेश घेतो, तिथं शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा होतो, आणि तीन आठवड्यांनी दुसरीकडे नंबर लागतो. तिथंही मूळ दाखलाच हवा असतो.

यूजीसीनं २०१८ साली संस्थांना सांगितलं आहे, की मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत. त्या सूचनेची प्रत फाइलमध्ये असू द्या. पण खिडकीवर नियम दाखवून भांडण्यात दिवस जातो, म्हणून जमा करण्याआधीच सगळ्या कागदांच्या पाच-पाच साक्षांकित प्रती काढा, दाखला दिल्याची पोच घ्या आणि प्रवेश रद्द करताना शुल्क परतीची तारीख लेखी मागा. नव्या संस्थेला मेल करून मुदतही मागता येते. ‘मूळ दाखला अमुक तारखेपर्यंत सादर करू’ असं हमीपत्र बहुतेक ठिकाणी चालतं.

आम्हाला ते हमीपत्रच द्यावं लागलं. लेक रेल्वेत बसली तेव्हा दाखला अजून गावातल्या कॉलेजच्या कपाटात होता. क्लार्क रजेवर, किल्ली त्यांच्याकडे. आठ दिवसांनी मी तो हातात घेतला आणि तिथूनच पोस्टात जाऊन स्पीडपोस्ट केला.